वर्ध्याचे बच्छराजशेठ : दत्तकाच्या घराण्याची वंशावळ मांडायची कशी?

सरकीफूल

बाबांनी कधीकाळी घेऊन ठेवलेले बजाजचे मोजके शेअर आमच्याकडे आहेत. परवा त्या निमित्ताने प्रवर्तकांची यादी चाळत होते. त्यात ओळीने नावं होती : जमनालाल सन्स, बच्छराज अँड कंपनी, बच्छराज फॅक्टरीज. माझी लेक शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "जमनालाल माहीत आहेत, पण हे बच्छराज कोण?"

मी वर्ध्यात वाढलेली. लक्ष्मीनारायण मंदिरासमोरून शाळेत जायचे. आणि उत्तर काय दिलं? "जमनालालजींचे आजोबा. ते दागिन्यांवरून भांडले, ते." ज्या माणसाचं नाव सव्वाशे वर्षांनंतरही कंपन्यांच्या कागदांवर आहे, त्याच्याबद्दल मला एक भांडण तेवढं ठाऊक होतं. लाजच वाटली.

म्हणून हा धागा. जमनालालजींवर पुष्कळ लिहिलं गेलंय : गांधीजींचे पाचवे पुत्र, काँग्रेसचे खजिनदार वगैरे. ते इथे नको. मला त्यांच्या आधीची पिढी हवी आहे. एकोणिसाव्या शतकातलं छोटं गाव, तिथला एक मोठा व्यापारी, आणि त्याचं घर पुढे कसं चाललं.

मला माहीत आहे ते आधी लिहिते. बच्छराज बजाज मारवाडी व्यापारी, पत्नी सदीबाई. वर्ध्यात त्यांची पेढी, सरकारदरबारी वजन. घरात पैसा होता, पण पुढची पिढी नव्हती. त्यांचे बजाज भाऊबंद सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावात होते. नातं लांबचं, परिस्थिती बेताची. कनीराम आणि बिरदीबाई यांचा तिसरा मुलगा जमनालाल, जन्म 4 नोव्हेंबर 1889. सदीबाई तिकडे गेल्या असताना हे पोर त्यांच्या नजरेत भरलं. त्यांनी बिरदीबाईंकडे बोलता बोलता मुलगा मागितला. बिरदीबाई रीतीप्रमाणे बोलून गेल्या की, तुमचाच आहे. आपणही म्हणतोच की, "घेऊन जा हो, तुमचंच लेकरू." सदीबाईंनी तो शब्द धरला. मग आई-बाप अडले. दिलेला शब्द मोडायचा कसा? 1894 मध्ये पोरगा वर्ध्याला आला, जेमतेम पाचेक वर्षांचा.

बच्छराजशेठ मोबदला द्यायला तयार होते. कनीरामांनी तो नाकारला. मुलगा काही विकत नाही म्हणाले. फार आग्रह झाला तेव्हा एवढंच सांगितलं की गावात पाण्याचे हाल आहेत, एक विहीर खणून द्या.

आता माझी अडचण. लेकीला शाळेसाठी एखाद्या घराण्याचा वंशवृक्ष काढायचाय आणि तिनं हेच घराणं धरलंय. जमनालाल बच्छराजांचे 'नातू' म्हणून दत्तक आले. मधला मुलगा कुठे दाखवायचा? आणि कनीरामांना झाडात जागा द्यायची की नाही?

---

कायदेकानू

सरकीफूल, मधल्या मुलाचं आधी सांगतो, कारण लोक इथेच गोंधळतात.

जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो पुत्र. 'नातू दत्तक' असा वेगळा प्रकार त्यात नाही. पण मुलगा वारला असेल तर त्याची शाखा बुडू नये म्हणून त्याच्या नावे मुलगा घरात आणायचा, असं व्यापारी घरांतून सर्रास होई. व्यवहार करतो म्हातारा, वारस ठरतो गेलेल्या मुलाचा. मग नातं आपोआप आजोबा-नातवाचं होतं. म्हणून वंशवृक्षात बच्छराज आणि जमनालाल यांच्यामध्ये एक घर येणारच. ते भरलेलं असो की नुसती रेघ असो, गाळू नका. गाळलंत तर पन्नास वर्षांनी कोणीतरी बच्छराजांना जमनालालांचे वडील करून टाकेल.

आणि लेकीला हेही सांगा की तेव्हा दत्तक म्हणजे आजच्यासारखं अनाथ बाळाला घर देणं नव्हतं. पिंडदान कोण करणार, पेढीवर कोण बसणार आणि हुंडी कोणाच्या नावावर सकारली जाणार, हे तीन प्रश्न एका पोरावर सोडवले जात. पोराला विचारायची पद्धत नव्हती. आजच्या कायद्यात पंधरा वर्षांवरच्या मुलाला सहसा दत्तक देता येत नाही, मुलगीही दत्तक घेता येते, बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येतो. हे सगळं 1956 नंतरचं.

---

जुनीवही

आमच्याकडच्या कुलवृत्तांतांची रीत सांगते. दत्तक आलेल्याच्या नावापुढे कंसात 'द.' आणि खाली बारीक अक्षरात जनक घराणं. जो दत्तक गेला, तो जनक घराण्याच्या पानावरही राहतो. त्याच्यापुढे 'अमक्याकडे दत्तक गेला' आणि रेघ तिथेच तोडलेली. म्हणजे एकच माणूस दोन पानांवर, एका पानावर संपतो आणि दुसऱ्यावर सुरू होतो. माझ्या पणजोबांचं असंच आहे. लहानपणी मला वाटायचं की ते दोनदा जन्मले.

कनीरामांना जागा द्यायचीच. ठिपक्यांच्या रेघेने.

आणि बायका घाला हो! आमच्या छापील कुलवृत्तांतात 'पत्नी : लक्ष्मी' यापलीकडे काही नसतं. इथे तर अख्खा व्यवहार दोन बायकांच्या बोलण्यावर ठरला. सदीबाई आणि बिरदीबाई झाडात नसतील तर ते झाड खोटं.

---

वऱ्हाडी ठेचा

काय ताई, आमच्या भागावर धागा अन् आमालेच पत्ता नाही! (वर्धा वऱ्हाडात येत नाही हे मले मालूम आहे. नदीच्या अलीकडे वर्धा, पलीकडे वऱ्हाड. नाव घेतलं ते घेतलं.)

बच्छराजशेठ समजायचे असतील तर आधी वर्धा गाव समजून घ्या. हे गाव जुनं नाही. पालकवाडी नावाचं खेडं होतं, तिथं 1866 साली सरकारनं आखून-रेखून शहर वसवलं. जिल्हा त्याच्या चार वर्ष आधी, 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा काढला होता. म्हणजे इथं ना कोणाची पिढीजात पेठ, ना जुना वाडा, ना किल्ला. सारे नवीनच. मारवाडी, गुजराती, कोमटी, तेली, कुणबी, बंगाली बाबू, मद्रासी रेल्वेवाले, जो आला त्यानं प्लॉट घेतला. जुन्या पुण्यात किंवा पैठणात बाहेरून आलेल्या माणसाला गावचा मोठा माणूस व्हायला तीन पिढ्या लागतील. वर्ध्यात एका पिढीत जमत होतं.

दुसरं, कापूस. रेल्वे यायच्या आधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून मिर्झापूरकडे जायचा. महिनेच्या महिने. पावसात भिजायचा, धुळीनं माखायचा. मग अमेरिकेत 1861 ते 65 यादवी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या अन् आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव पडले, कित्येक जण बुडाले. पण तोवर रेल्वेचं काम पुढं सरकलं होतं. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली, वर्ध्यावरूनच. अन् माल मिर्झापूरऐवजी सरळ मुंबईला जायला लागला. 1 जानेवारी 1877 ले जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, म्हणजे गिऱ्हाईक दारातच आलं. हिंगणघाटचा कापूस तर मुंबईच्या बाजारात नाव घेऊन विकला जायचा. आमची जुनी 'बनी' जात, धागा लांब अन् मऊ, पण सरकी काढल्यावर रुईचा उतारा कमी. नंतर जास्त उताऱ्याच्या जाती आल्या अन् बनी गेली.

आता ह्या साखळीत मधला माणूस कोण? शेतकऱ्याले पेरणीले पैसा कोण देईल, कापूस कोण तोलेल, जिनात नेऊन सरकी काढून गाठी कोण बांधेल, मुंबईच्या आडत्यावर हुंडी कोण लिहील? तो माणूस म्हंजे बच्छराजशेठ अन् त्यांच्यासारखे. बँकेचं काम, मार्केट यार्डाचं काम अन् पोष्टाचं काम एकाच गादीवर.

आमच्या आज्याचे वडील एका जिनात काटेवाले होते. ते सांगत, शेठ लोकांची परीक्षा काट्यावर होते. काटा कोण मारतो अन् कोण नाही, हे गाडीवानाले पक्कं मालूम असते.

---

तिरकस

वाचून छान वाटलं. आता मी जरा रसभंग करतो.

'पेरणीला पैसा कोण देईल' हे वाक्य फार गोंडस आहे. पेरणीला पैसा देणाऱ्याला आमच्याकडे सावकार म्हणतात. कापूस शेतात उभा असतानाच सौदा करून टाकायचा, भाव आपला लावायचा, व्याज वर्षाच्या सुरुवातीलाच कापून घ्यायचं, आणि फिटलं नाही की शेत. मध्य प्रांतात भर म्हणून मालगुजारी. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. वर्धा-नागपुरात इंग्रजांनी गावच्या गाव मालगुजारांच्या मालकीचं करून दिलं. मालगुजार कर्जात बुडाला की गाव सावकाराकडे. असे कितीतरी गाव व्यापाऱ्यांकडे गेले. गांधीजी 1936 मध्ये ज्या सेगावात राहायला गेले, तिथली मालगुजारी बजाजांकडे होती ना? ती काय विहीर खणून मिळाली होती?

मी बच्छराजांना वाईट म्हणत नाही. वैयक्तिक पुरावा माझ्याकडे नाही. पण 'गावचा मोठा माणूस' या शब्दाखाली काय काय येतं ते वंशवृक्षाच्या तळटीपेत यावं.

---

सरकीफूल

तिरकस, रसभंग नाही, मला हेच हवं होतं. सेगावचं तुमचं बरोबर आहे, मालगुजारी त्यांचीच. (अवांतर : बुलढाण्याच्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. आजी सांगायची की चुकलेली पत्रं पंधरा दिवस फिरून यायची.)

पण एक गंमत पाहा. दत्तक आलेल्या नातवालाही नेमकं हेच खुपलं असणार, नाहीतर ते पत्र लिहिलंच गेलं नसतं. त्याबद्दल लिहिणारच आहे, जरा वेळ द्या. पोळ्या राहिल्यात.

---

फिरस्ता

मी शेखावाटीत तीनदा जाऊन आलोय, फोटो काढायला. त्या विहिरीच्या मागणीबद्दल लिहावंसं वाटलं.

आपण वाचतो, 'एक विहीर मागितली,' आणि कोकणातली किंवा नगरची विहीर डोळ्यांसमोर येते. सीकर-झुंझुनूकडे पाणी खूप खोल. विहीर खणणं हे एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं कामच नव्हे. तिथल्या जुन्या विहिरींच्या चार कोपऱ्यांवर चार उंच मनोरे बांधलेले असतात, वाळूच्या पसाऱ्यात वाटसरूला लांबून दिसावेत म्हणून. शेजारी जनावरांसाठी हौद. मोट ओढायला बैल किंवा उंट, आणि त्यांना चालायला लांबलचक उतार. विहीर बांधून देणं म्हणजे गावाला गाव म्हणून राहता येईल अशी सोय करणं.

तिथला एक शब्द मला फार आवडतो, 'दिसावर'. दिसावर जाणं म्हणजे व्यापारासाठी परमुलखात जाणं. कलकत्ता, मुंबई, हैदराबाद, वर्धा, अकोला, सगळंच दिसावर. माणूस दिसावर कमावतो, पण हवेली, धर्मशाळा, जोहड (म्हणजे तळं), विहीर बांधतो ती मूळ गावी. घरं तिकडे रंगवलेली आणि कुलूपबंद, माणसं इकडे. म्हणून कनीरामांची मागणी त्या व्यवस्थेच्या आतलीच होती. दिसावरच्या शेठाने गावाचं देणं द्यायचंच असतं, कनीरामांनी फक्त ते घरच्याऐवजी गावच्या खात्यावर लिहायला लावलं. थोर माणूस. गरीब होता म्हणून थोर नव्हे, हिशेब पक्का होता म्हणून.

---

वऱ्हाडी ठेचा

फिरस्ता भाऊ, शेवटचं वाक्य एक नंबर.

---

जुनीवही

मारवाडी पेढ्यांच्या वह्या कोणी पाहिल्यात का? लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, दोरीने गुंडाळलेल्या. माझ्या मामांकडे एका बंद पडलेल्या दुकानाच्या तीन आहेत. रोकड वही, खातेवही, नक्कल वही. पहिल्या पानावर श्रीगणेश, शुभ-लाभ, मग संवत. लेकीला तारखा लावायच्या असतील तर लक्षात ठेवा की ते विक्रम संवत असतं. इसवी सनात सत्तावन्न मिळवले की साधारण जुळतं. जानेवारीपासून दिवाळीपर्यंत मात्र एकाने चुकायची शक्यता, कारण काहींचं वर्ष दिवाळीला बदलतं आणि काहींचं चैत्रात.

लिपी मुडिया किंवा महाजनी. आपल्या मोडीची लांबची बहीण म्हणा, पण जास्त कंजूष. काना-मात्रा देतच नाहीत. त्यावरचा तो जुना विनोद ऐकला असेल. मुनिमाने पत्र पाठवलं, 'काकाजी अजमेर गये', आणि घरच्यांनी वाचलं, 'काकाजी आज मर गये'. घरात रडारड.

विनोद सोडा, पण वंशावळ शोधणाऱ्याचे यात हाल होतात. नावात मात्रा नसल्यावर एकाच नावाची चार वाचनं निघतात. मुनीम मेला की वही मुकी.

---

सरकीफूल

आले. आता ते पत्र.

नीट समजून घ्यायचं तर आधी पोराचं वय आणि शिक्षण पाहा. जमनालाल वर्ध्याच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा बंद. दहा-अकरा वर्षांच्या पोराला पेढीवर बसवलं. 1902 मध्ये लग्न, जावऱ्याच्या जानकीदेवींशी. नवरा बारा-तेरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. आजोबा खर्चाला रोजचा एक रुपया देत. तेव्हाचा एक रुपया. नागपुरात टिळकांचा केसरी हिंदीतून काढायची खटपट चालू होती. तेव्हा या पोराने साठवलेल्या पैशातून शंभर रुपये दिले. म्हणजे आजोबा देत होते आणि नातू उडवत नव्हता. बच्छराजशेठ नुसते तापट आणि लोभी असते तर रोजचा रुपया दिला असता का?

1907. घरचे सगळे एका लग्नाला निघालेले. आजोबांची इच्छा, नातवाने अंगावर दागिने घालावेत. शेठचा वारस मांडवात साधा कसा दिसेल? नातू सतरा वर्षांचा. नको म्हणाला. शब्दाला शब्द वाढला आणि आजोबा श्रीमंतीवरून टाकून बोलले. ज्या घरात आपण पोटचे नाही तिथे असं बोलणं ऐकलं की काय होतं, ते दत्तकालाच कळेल.

नातवाने चिठ्ठी नव्हे, हक्क सोडल्याचा कागदच लिहिला. तुमच्या संपत्तीत माझा काही दावा नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी निघतो आहे, तुमचा पैसा तुम्ही चांगल्या कामाला लावा, राग धरू नका. आदर शेवटपर्यंत आहे त्यात. आणि घर सोडलं.

आपण ही गोष्ट नेहमी इथे थांबवतो आणि टाळ्या वाजवतो. मला पुढचं जास्त भिडतं. बच्छराजशेठ कोर्टात गेले नाहीत, दुसरा दत्तक पाहिला नाही. कागद हातात होता, सही होती, मनात असतं तर पोराला मोकळं करता आलं असतं. त्यांनी माणसं पाठवून, समजूत घालून नातवाला परत आणलं. आणि त्याच वर्षी ते वारले. म्हणजे भांडण, पत्र, समेट आणि मृत्यू, सगळं काही महिन्यांत. गावातल्या मोठ्या माणसाने सतरा वर्षांच्या पोरापुढे नमतं घेतलं, ही गोष्ट त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही.

नातवाने पुढे कायम धरलं की हा पैसा माझा नाही, मी त्याचा विश्वस्त. गांधीजींची विश्वस्तांची कल्पना त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी हक्क सोडलेला होता. पैसा त्यांच्याकडे आला तो सोडून झाल्यावर.

---

कायदेकानू

कायद्याच्या बाजूने छोटी पुरवणी. दत्तक मुलाला 'मी परत जनक घराण्यात जातो' असं म्हणता येत नसे. दत्तविधान एकदा झालं की मोडत नाही. तो संपत्तीवरचा हक्क सोडू शकतो, पण मुलगेपण सोडू शकत नाही. म्हणून त्या पत्रानंतरही जमनालाल कायद्याने बच्छराजांच्याच घरचे राहिले असते, फक्त कफल्लक. वंशवृक्षात काहीच बदललं नसतं.

---

गोंडवाना

नागपूरकर बोलतोय. तुम्ही सगळे दत्तकावर इतकं बोललात आणि आमच्या भोसल्यांना विसरलात, हे काही बरं नाही.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता. राण्यांनी दत्तक घेतला, डलहौसीने तो मानला नाही, आणि 1854 मध्ये राज्य खालसा. राजवाड्यातल्या जडजवाहिराचा लिलाव झाला. वर्ध्याचा मुलूख तेव्हा याच राज्यात होता. म्हणजे ज्या भूमीवर राजाला दत्तक घेऊन राज्य राखता आलं नाही, तिथेच चाळीस वर्षांनी एका व्यापाऱ्याने दत्तक घेऊन पेढी राखली, आणि ती आजतागायत आहे. खासगी मालमत्तेच्या दत्तकाला इंग्रजांनी कधी हात लावला नाही. राज्याच्या दत्तकाला लावला.

माझे आजोबा म्हणत, "राजाचं पोर नामंजूर, शेठजीचं मंजूर." ते म्हणायचे तेव्हा फार कडवट वाटायचं.

---

तिरकस

गोंडवाना, ही माहिती मी चोरणार आहे. आगाऊ आभार.

सरकीफूल, पत्रावरचं तुमचं लेखन पटलं. मी माझा मुद्दा मागे घेत नाही, पण एवढं म्हणतो की सावकार असूनही नमतं घेता येतं. मंदिराबद्दल लिहा ना. ते बच्छराजांच्याच काळातलं ना?

---

सरकीफूल

हो, लक्ष्मीनारायण मंदिर त्यांच्याच काळात उभं राहिलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नव्या गावात व्यापाऱ्याने मोठं देऊळ बांधणं म्हणजे गावचा नागरिक झाल्याची पावती असते. विहीर मूळ गावी, देऊळ दिसावरला. (फिरस्तांनी दिलेला शब्द लगेच वापरला.)

आणि 19 जुलै 1928 ला नातवाने हेच देऊळ दलितांसाठी उघडलं. विनोबा तेव्हा वर्ध्यातच होते, 1921 पासून त्यांचा आश्रम इथे. विरोध झाला. स्वतःच्या समाजातून जास्त झाला, असं आजी सांगायची. तिची आई तेव्हा तिथे होती, पण ती गर्दीच्या मागे उभी राहिली, पुढे गेली नाही. "भीती वाटली," एवढंच म्हणायची. आमच्या घरातल्या आठवणीत तेवढाच इतिहास.

बच्छराजशेठ असते तर उघडू दिलं असतं का, हा प्रश्न मला लेकीने विचारला. मी म्हटलं, आधी नाही म्हणाले असते, मग भांडण, मग पत्र.

---

वऱ्हाडी ठेचा

😂 लेक हुशार आहे तुमची.

कंपनीच्या नावाचं राहिलं. आज जिला बजाज ऑटो म्हणतो ती 29 नोव्हेंबर 1945 ले नोंदली गेली ते बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावानं. आधी बाहेरून आणलेल्या दुचाक्या-तीनचाक्या विकत. 1960 च्या सुमारास नाव बदलून बजाज ऑटो झालं. म्हंजे नाव बदललं नसतं तर आमच्या बाबांनी दहा वर्ष नंबर लावून 'बच्छराज चेतक' घेतली असती. जमनालालजी 11 फेब्रुवारी 1942 ले गेले, त्यांच्या मागून पावणेचार वर्षांनी मुलांनी कंपनी काढली अन् नाव कोणाचं दिलं, तर बापाचं नाही, त्या दत्तक घेणाऱ्या पणजोबाचं. ज्यांच्याशी रक्ताचं नातं लांबचं, अन् ज्यांना त्यांनी पाहिलंही नव्हतं. कमलनयन 1915 चे, रामकृष्ण त्यांच्याहून लहान. शेठ तर 1907 लेच गेलेले.

---

जुनीवही

ठेचा, यात नवल नाही. व्यापारात नाव म्हणजे पत. जुन्या हुंडीवर जे नाव चालतं तेच नव्या कागदावर टाकतात. पण तुमचं 'पाहिलंही नव्हतं' वाचून थांबले खरी.

---

सरकीफूल

आज रविवार. झाड काढून झालं. सांगते कसं दिसतंय.

कागदाच्या डाव्या बाजूला वर्धा, उजवीकडे काशी का बास. डावीकडे वर बच्छराज आणि सदीबाई. त्यांच्याखाली एक चौकट, आत काही लिहिलेलं नाही, फक्त '(मुलगा, अकाली निधन)'. उजवीकडे कनीराम आणि बिरदीबाई, त्यांना तीन रेघा, कारण जमनालाल तिसरे. तिसऱ्या रेघेवर 'दत्तक गेला, 1894' आणि तिथून ठिपके ठिपके कागदभर डावीकडे. त्या ठिपक्यांखाली जमनालाल (द.), शेजारी जानकीदेवी. मग कमला, कमलनयन, मदालसा, उमा, रामकृष्ण. कमलनयनांखाली राहुल वगैरे. तिथे लेकीने पेपरातले फोटो कापून चिकटवलेत.

कायदेकानू, तुमचं ऐकून मधलं घर ठेवलं. जुनीवही, बायका सगळ्या आहेत. तिरकस, तळटीप आहे : 'व्यापार, सावकारी व मालगुजारी'. बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते तिनं पाठ केलंय.

एक गोष्ट मात्र तिनं माझं न ऐकता केली. ठिपक्यांच्या रेघेच्या मधोमध, राजस्थान आणि विदर्भाच्या बरोबर मध्ये, निळ्या स्केचपेनने विहीर काढली. चार मनोऱ्यांची. फिरस्तांचा प्रतिसाद तिनं वाचला होता. म्हटलं, वंशावळीत विहीर नसते बाळा. तर म्हणाली, मग ही रेघ कशाने जोडली?

---

फिरस्ता

विहिरीजवळ जनावरांचा हौद काढलाय का? नसेल तर काढायला सांगा. डावीकडे, उताराच्या बाजूला.